पडलेली इमारत बांधायचं काम

बल्लीपाचर

बावीस वर्षं सेंटरिंगच्या, म्हणजे ओतलेला स्लॅब घट्ट होईपर्यंत त्याला खालून आधार द्यायच्या धंद्यात आहे. आजवर टाकलेला प्रत्येक स्लॅब पडू नये म्हणूनच टाकला. गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा उलटं काम आलं. कोसळलेल्या इमारतीखालून माणसं कशी काढायची हे जिथे शिकवतात अशा एका ठिकाणी सरावाचा ढिगारा हवा होता. ठिकाणाचं नाव सांगत नाही, पुढे थोडी तक्रारही येणार आहे.

कागदावर काम सोपं. चार बाय चार फुटांचे, पाच इंच जाडीचे स्लॅब ओतायचे, आत सहा इंचांवर दहा एमएमची सळई. माणूस सरपटत जाईल एवढे ह्यूम पाईप, म्हणजे सिमेंटचे मोठे पाईप, पुरायचे आणि वर सगळं रचायचं. पोरांनी आठवडाभरात ढिगारा उभा केला, झकास दिसत होता. शिकवणारे साहेब आले, एक चक्कर मारली आणि हसायलाच लागले. म्हणाले, "शेठ, ही इमारत पडलेली नाही, ठेवलेली आहे."

मग मला आणि मुकादमाला समोर बसवून त्यांनी इमारती कशा पडतात ते सांगितलं. एक कड भिंतीवर टेकलेली आणि दुसरी जमिनीवर आली, की खाली पडवीसारखी तिरकी पोकळी राहते. स्लॅब मधोमध मोडला तर दोन बाजूंना दोन पोकळ्या. एक टोक भिंतीत अडकलेलं आणि बाकीचा हवेत लोंबकळणारा, हा सगळ्यात दगाबाज. आणि मजल्यावर मजला सपाट बसला की ते त्याला पॅनकेक म्हणतात. आमच्या पोरांनी लगेच बारसं केलं, चपात्यांची चळत. माणूस जिवंत सापडतो तो पोकळीत, म्हणून शिकणाऱ्याने आधी दगड उचलायचे नाहीत, पोकळी कुठे असेल ते ओळखायचं. आमच्या ढिगाऱ्यात पोकळ्या होत्या, पण सगळ्या गुण्यात आणि ओळंब्यात, म्हणजे काटकोनात आणि सरळ. सगळं उतरवलं आणि पुन्हा वेडंवाकडं रचलं. वाकडं रचायला सरळपेक्षा दुप्पट वेळ लागतो, हे त्या दिवशी कळलं.

वर्गाच्या पहिल्या तासाला मी मागे बसलो होतो. साहेबांनी विचारलं, दहा बाय दहाच्या खोलीवरचा पाच इंची स्लॅब किती वजनाचा? कोणी पाचशे किलो म्हणालं, एक जण धीर करून हजारापर्यंत गेला. मी गप्प बसलो, कारण हे माझं रोजचं गणित. काँक्रीट घनमीटरला अडीच टन धरलं तर जवळजवळ तीन टन. आकडा फळ्यावर आला तेव्हा हाताने उचलू म्हणणारी सगळी पोरं खाली बघायला लागली.

टेकूंच्या दिवशी मी थोडा तोऱ्यात होतो. बल्ली म्हणजे टेकूचा लाकडी वासा, फळी, पाचर, खिळे, सगळं आमचंच सामान. मुकादमाने सवयीने पाचरीवर सणसणीत हातोडा घातला आणि साहेब जवळजवळ ओरडलेच. आमच्या कामात बल्ली टाइट म्हणजे टाइट. इथे वरचा स्लॅब कशावर टेकलाय तेच माहीत नसतं. ठोकून तो सुतभर जरी वर गेला तरी पलीकडे काहीतरी सुटतं. त्यामुळे दोन पाचरी समोरासमोर घालायच्या आणि हळूहळू आवळायच्या. भार उचलायचा नाही, नुसता धरायचा.

उचलायची वेळ आली तरी तेच. एक इंच उचललं की एक इंच ठोकळे भरायचे, जॅकवर विश्वास नाही. चार बाय चार इंचांचे लाकडी ठोकळे आडवे-उभे रचत जायचे, रुंदीच्या तिपटीपेक्षा उंच नाही. मी विचारलं, लोखंडी का नाही? साहेब म्हणाले, "लाकूड मोडायच्या आधी करकरतं. लोखंड बोलत नाही."

स्लॅब फोडायचे दोन प्रकार. खाली कोणी नसेल तर बिनधास्त फोडा, तुकडे पडले तर पडू देत. खाली माणूस असेल तर आधी टिचभर भोक पाडून कॅमेऱ्याने बघायचं, मग कडेने कापत जायचं आणि मधला तुकडा वरून हुकने धरून बाहेर घ्यायचा. सरावाला खाली पांढरी चादर अंथरतात. चादरीवर जेवढे खडे, तेवढे मार्क कमी. पहिल्या दिवशी चादर दिसतच नव्हती.

शेवटच्या दिवशी जखमी म्हणून पाईपमध्ये झोपायला कोणी तयार होईना, मग मीच झोपलो. तोंडाला मास्क, डोळ्यांवर गॉगल, बाजूला बॅटरी. बाहेरून एक लांब शिट्टी आली, म्हणजे सगळं बंद आणि शांतता. जनरेटर बंद झाला. हाक आली, "कोणी ऐकतंय का? ऐकू येत असेल तर पाच वेळा ठोका." मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. वर काही नाही. मग दगडाने पाईपवर ठोकलं आणि लगेच पावलं माझ्या बाजूला वळली. नंतर ड्रिल सुरू झालं, पण एक पोरगा फक्त माझ्याशी बोलायला नेमला होता. सकाळी काय खाल्लं, साइटवर किती माणसं, मुलगी कितवीला. 'आता झालंच' असं तो एकदाही म्हणाला नाही. तसं म्हणायचं नाही हेही शिकवतात. मला वाटलं दोन तास तरी गेले असतील. घड्याळात पस्तीस मिनिटं.

आता तक्रार. दर तुकडीमागे स्लॅब फुटतात, नवे ओतायला लागतात, आणि त्याचे पैसे मंजूर होता होता पुढची तुकडी येऊन जाते. मध्ये एका तुकडीने फुटलेल्याच स्लॅबवर परत फोडायचा सराव केला. आधीच भोक पडलेल्या भिंतीवर घरफोडी शिकवल्यासारखं ते.

इथे कुणी हे काम जवळून पाहिलंय का?

खारघरची_कुसुम

वाह! पडलेली इमारत बांधणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. वाचतेय.

निवृत्त_घंटा

बल्लीपाचर, जुने दिवस आठवले. ३४ वर्षं अग्निशमन दलात काढली, शहर राहू द्या. मी भरती झालो तेव्हा शिडी, होज, पंप यांची कवायत तोंडपाठ असायची. इमारत पडली तर पहार, फावडं, घमेलं आणि ज्याचं त्याचं नशीब. नागपूरला नागरी संरक्षणाचं केंद्रीय महाविद्यालय १९५७ पासून होतं, अग्निशमनाचंही होतं, नाही असं नाही. पण काँक्रीटच्या ढिगाऱ्यातला शोध हा वेगळा विषय म्हणून आमच्यापर्यंत फार उशिरा आला. २००१ च्या भूजनंतर सगळ्यांचे डोळे उघडले. २००५ ला आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा आला आणि २००६ ला एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, उभं राहिलं. पुण्याची पाचवी बटालियन त्यांचीच. आता त्यांच्या पंचेचाळीस जणांच्या तुकडीत इंजिनियर, इलेक्ट्रिशियन, वैद्यकीय माणसं आणि कुत्री असतात. आमच्या वेळी ड्रायव्हर हाच इंजिनियर.

एक सांगतो. तुमचा सगळा सराव आरसीसीवर, म्हणजे सळईच्या काँक्रीटवर आहे. मुंबईत डोंगरी, भेंडीबाजार, गिरगाव या भागातल्या जुन्या इमारती म्हणजे सागवानी खांब-तुळया, विटा आणि चुना. त्या पडल्या की स्लॅब नसतोच. तुळया एकमेकांत काड्यापेटीच्या काड्यांसारख्या अडकतात आणि मधे विटांचा चुरा भरतो. तिथे कटर आणि ड्रिल घेऊन काय करणार? एक तुळई ओढली की तीन सरकतात. २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला तेव्हा गल्ली इतकी अरुंद की मशीन आत जाईना. माणसांची साखळी करून हातोहात ढिगारा बाहेर काढला. हे कुठल्या मैदानावर शिकवतात का, ते विचारा तुमच्या साहेबांना.

शंकासुर

लेख छान, पण मूळ रोगाला हात कोण लावणार? मुंब्र्याला २०१३ मध्ये बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत पडून ७४ माणसं गेली. त्याच वर्षी माझगावला ६१. २०१७ ला घाटकोपर, भेंडीबाजार, २०२० ला महाड, भिवंडी, २०२५ ला विरार. प्रत्येक वेळी धूळ, कुत्री, केशरी कपडे, मग चौकशी समिती. सी-वनच्या, म्हणजे इमारत धोकादायक आहे, रिकामी करा, अशा नोटिसा दारावर चिकटवायच्या आणि लोकांनी जायचं कुठे ते सांगायचं नाही. पडू द्यायचं आणि मग छान काढायचं, असं चाललंय. आणि बल्लीपाचर, राग मानू नका, पण सेंटरिंग लवकर काढणारेही तुमच्याच धंद्यातले.

बल्लीपाचर

शंकासुर, राग नाही. लवकर काढणारे आहेत, आणि काढायला लावणारेही आहेत. त्यावर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. पण आज रात्री कुठे काही पडलं तर ज्याला आत जायचंय त्याने काय शिकलेलं असावं, एवढ्यापुरता हा धागा राहू द्या.

घंटासाहेब, तुमचं सागवानाचं म्हणणं डोक्यात राहिलं. विचारतो.

माळवद

पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या.

आमचं गाव किल्लारीच्या शेजारचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. मी नऊ वर्षांचा होतो आणि रुसून अंगणात झोपलो होतो, म्हणून आज लिहितोय.

बल्लीपाचर यांनी पोकळ्यांचे चार प्रकार सांगितले. आमच्याकडे पाचवा प्रकार होता, पोकळीच नाही. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद दगडामातीच्या भिंती आणि वर माळवद. लाकडावर दीड-दोन फूट माती, दरवर्षी पावसाआधी गळू नये म्हणून तिच्यावर आणखी माती. ते सगळं खाली आलं की माणसाभोवती बोटभरही जागा राहत नाही. नाकातोंडात माती जाते. आमच्या थोरल्या चुलत्यांनी त्या अंधारात हाताने उकरून तिघांना काढलं. नखं राहिली नव्हती. जे पहिल्या तासाभरात निघाले ते निघाले. लष्कराचे जवान आले, त्यांनी जीव तोडून काम केलं, पण तोवर बहुतेक घरांत काढायला राहिलेले लोक वेगळे होते.

चुलते आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना तुमचा लेख वाचून दाखवला. म्हणाले, "ते ओरडायचं नाही, ठोकायचं, हे तवा कुणी सांगितलं असतं तर."

निवृत्त_घंटा

माळवद, काकांना नमस्कार सांगा.

सातारा_ते_कोबे

माळवद यांचा प्रतिसाद वाचून थांबले होते. मी अकरा वर्षं कोबेत राहतेय. इथला भूकंप १७ जानेवारी १९९५ चा, पहाटे ५:४६. सुमारे ३५ हजार लोक घरांखाली अडकले होते. त्यातल्या २७ हजारांच्या आसपास लोकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढलं असं इथे सांगतात. अग्निशमन, पोलीस, लष्कर या सगळ्यांनी मिळून उरलेले. जपानसारख्या देशात!

त्यामुळे इथे शहराने वस्तीवस्तीत आपत्ती आणि कल्याण मंडळं केली आहेत, बोकोमी म्हणतात. आमच्या वस्तीचा सराव रविवारी शाळेच्या मैदानावर असतो. लाकडी चौकटीखाली एक जड बाहुला ठेवतात आणि गाडीचा जॅक, पहार, करवत एवढ्याच सामानाने त्याला काढायचं. माझ्या गटात एक ८१ वर्षांच्या आजी असतात. त्या जॅक लावतात आणि मी ठोकळे सरकवते. पहिल्या वर्षी मी घाईने ठोकळ्याऐवजी हात आत घातला. आजींनी फाडकन हातावर चापट मारली. सासूने कधी मारली नाही ती जपानी आजीने मारली.

तुमच्या साहेबांचं 'एक इंच उचला, एक इंच भरा' इथेही अगदी हेच आहे.

डॉ_निवांत

एक गोष्ट राहिली, ती लिहिलीच पाहिजे. ढिगाऱ्याखाली पाय अडकलेला माणूस कित्येक तास शुद्धीवर असतो, बोलत असतो, पाणी मागतो. त्याला काढतात, टाळ्या वाजतात, आणि थोड्या वेळात तो जातो. नातेवाईक म्हणतात, दवाखान्याने मारला.

होतं असं की दाबाखाली स्नायूंच्या पेशी मरतात. त्यांच्यातलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन तिथेच तुंबून राहतं. वजन उचललं की रक्त पुन्हा वाहतं आणि हे सगळं एकदम अंगभर जातं. पोटॅशियम हृदय बंद पाडतं. त्यातून वाचला तर मायोग्लोबिन मूत्रपिंड निकामी करतं. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांतल्या रुग्णांवरून डॉक्टरांनी हे नीट मांडलं. तुर्कस्तानात १९९९ च्या मार्मारा भूकंपात सहाशेहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडं याने बिघडली होती.

म्हणून बराच वेळ अडकलेल्याला वजन उचलायच्या आधीच, तिथे आत असतानाच, सलाईन सुरू करायचं असतं. साधं नॉर्मल सलाईन, रिंगर लॅक्टेट नको, त्यात पोटॅशियम असतं. त्यामुळे बचाव पथकातला वैद्यकीय माणूस बाहेर स्ट्रेचर धरून उभा राहणारा नसतो, भोकातून आत सरपटणारा असतो. तुम्हीआम्ही काय करायचं? नुकताच काही मिनिटांपूर्वी अडकलाय आणि सहज निघतोय, तर काढा. तास उलटून गेले असतील तर ओढाओढ करू नका, आणि पथकाला पहिली गोष्ट सांगा की कधीपासून अडकलाय.

बल्लीपाचर

डॉक, आता कळलं. माझ्याशी गप्पा मारणारा पोरगा मधेच दोन वेळा विचारत होता, पाय किती वेळ दबलाय. मला वाटलं वेळ घालवतोय.

चष्मिष्ट

कुत्र्यांबद्दल कोणीच काही लिहिलं नाही! ती इतक्या वासांतून नेमका माणूस कसा ओळखतात?

शेपूट_हलवा

ओळखतात कारण त्यांच्यासाठी तो लपाछपीचा खेळ आहे. मी शिकवत नाही, पण माझा भाचा अशा एका पथकात आहे आणि सुट्टीवर आला की दुसरा विषय नसतो. सुरुवातीला मालक स्वतः पळत जाऊन लपतो, कुत्रा शोधून भुंकला की खेळणं मिळतं. मग अनोळखी माणूस लपतो, मग पिंपात, मग झाकणाखाली, मग ढिगाऱ्यात. शेवटी कुत्र्याला पक्कं कळतं की वास येतोय पण माणूस दिसत नाही तिथे भुंकायचं. कामाच्या वेळी बरेचदा पट्टाही काढतात, सळईत अडकायला नको. आणि एक कुत्रा भुंकला म्हणून लगेच खोदत नाहीत. दुसऱ्याला वेगळ्या बाजूने आणतात, तोही तिथेच भुंकला तर मग. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानला गेलेल्या आपल्या पथकात रोमियो आणि ज्युली होती, त्यांनी दाखवलेल्या जागेवरून सहा वर्षांची मुलगी जिवंत निघाली.

गाठमारे

मी आपदा मित्र, म्हणजे आपत्तीत मदतीसाठी सरकारने शिकवलेला स्वयंसेवक. बारा दिवसांचं प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्र मिळालं, किट मिळालं. जिल्हा सांगत नाही. शिकवलं उत्तम. दोर, स्ट्रेचर, प्रथमोपचार, ढिगाऱ्यातला शोध. त्यानंतर इतका काळ गेला, एकदाही उजळणी नाही, एक फोन नाही. देशभरात ३५० जिल्ह्यांत एक लाख लोकांना शिकवायची योजना होती. शिकवलेल्यांचं पुढे काय, हे कोणी विचारत नाही.

गाठी विसरू नयेत म्हणून रात्री जेवण झालं की गॅलरीच्या गजाला दोर बांधतो-सोडतो. काल बायकोने विचारलं, "पळून जायचंय का?"

शंकासुर

गाठमारे, हे पटलं. लायसन्स देऊन पंधरा वर्षं गाडीला हात लावू द्यायचा नाही, तसला प्रकार.

चष्मिष्ट

अजून एक शंका. टीव्हीवर पहिल्यांदा जेसीबीच दिसतो. मग हे ठोकळे आणि पाचरी कधी?

बल्लीपाचर

चष्मिष्ट, मी हेच विचारलं होतं. जेसीबी वाईट नाही, आधी आला तर वाईट. पहिले वरवरचे जखमी, मग शेजाऱ्यांकडून माहिती, कोणाच्या घरात कोण, कुठल्या खोलीत झोपतात. रात्री पडली असेल तर माणसं बेडरूममध्ये, संध्याकाळी सातला पडली तर स्वयंपाकघरात. मग शांतता, हाका, कुत्री, यंत्रं. ठोकळे-पाचरी या टप्प्यात. पोकळ्या तपासून झाल्या की मोठ्या स्लॅबना मशीन लागतंच, तीन टन काय हाताने उचलणार. पण तेव्हाही जेसीबीच्या बकेटसमोर एक माणूस नुसता बघायला उभा, आणि मधूनमधून सगळं बंद करून पुन्हा कान लावायचे. महाडला २०२० मध्ये १६ जण गेले, पण चार वर्षांचा एक मुलगा जवळजवळ १९ तासांनी जिवंत निघाला. मशीन थांबवून ऐकायचं ते यासाठी.

तीन छोट्या शिट्ट्या झाल्या की मात्र हातातलं टाकून बाहेर पळायचं, अर्ध्यात माणूस असला तरी. सरावात सगळ्यात जास्त चुकतं ते हेच. हात धरलेला सोडवत नाही. साहेब ती शिट्टी मुद्दाम अशाच वेळी वाजवतात. एक पोरगा हलला नाही, तर त्याला दिवसभर बाहेर बसवलं. तो रडत होता. मला ते जास्त वाटलं, साहेबांना बोललोही. ते म्हणाले, "तो आत राहिला तर उद्या मला दोघांना काढायला लागेल." यावर अजून माझं नीट ठरलेलं नाही.

निवृत्त_घंटा

ठरणारही नाही. माझं ३४ वर्षांत ठरलं नाही.

बल्लीपाचर

धागा वर काढतोय, कारण काम आहे. घंटासाहेबांचं म्हणणं साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मैदानाची एक बाजू मोकळी करून दिली. जुन्या चाळीचा ढिगारा करायचाय. पैशाचं नेहमीचंच, त्यामुळे नवीन सागवान विसरा. पाडकामातलं सामान हवंय. तुळया, खांब, फळ्या, जिन्याच्या पायऱ्या, चुन्यातल्या विटा. किडलेलं चालेल, किडलेलंच बरं. एक चाळ पुरेल. कोणाच्या ओळखीत आहे का?

खारघरची_कुसुम

माहेरची गिरगावातली चाळ पुढच्या महिन्यात पाडताहेत. तीन मजले, सगळं लाकूड. ठेकेदार चांगलं लाकूड विकणार आहे, पण जिना आणि मागची गॅलरी कोणी घेत नाही म्हणून रडतोय. त्या जिन्यावर आम्ही सगळी भावंडं पडलोय, एकदा तरी. खासगी निरोप पाठवते.

बल्लीपाचर

कुसुमताई, जिना पहिला द्या. ट्रक मी पाठवतो. ठेकेदाराला फक्त एवढं सांगा, खिळे काढू नकोस.